उत्पन्नातील विषमता आणि सामाजिक गतिशीलता : मापनाचे काही प्रश्न

'उत्पन्नातील विषमतेची कारणे सांगून उपाय सुचवा' हा प्रश्न पदवी परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. कारणे पाठ असतात, उपायही पाठ असतात. परंतु विषमता किती आहे आणि ती 'इतकी' आहे असे आपण कशाच्या आधारे म्हणतो, हे उत्तरपत्रिकांत मला क्वचितच वाचायला मिळते. ते विचारलेलेही नसते, हे मान्य आहे. म्हणून परीक्षेच्या चौकटीबाहेर राहिलेला हा प्रश्न मी येथे घेत आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०२२-२३ या एकाच वर्षासंबंधी आपल्या देशाची दोन चित्रे आपल्यापुढे मांडली गेली आहेत. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार त्या वर्षीचा भारताचा जीनी गुणांक ०.२५५ आहे. त्याच्या आधारे जुलै २०२५ मध्ये सरकारी पत्रकात भारताची गणना जगातील सर्वांत समतापूर्ण देशांत, चौथ्या क्रमांकावर करण्यात आली. उलट, पॅरिस येथील जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी मार्च २०२४ मध्ये दाखविले की, त्याच वर्षी देशातील वरच्या एक टक्का लोकांच्या हाती राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता, म्हणजे १९२२ पासूनच्या उपलब्ध आकड्यांतील जवळपास सर्वांत मोठा. देश एक, वर्ष एक. मग समता खरी की विषमता? या दोन्ही आकड्यांत बेरीज-वजाबाकीची चूक नाही. ते निरनिराळ्या गोष्टी मोजतात, एवढेच. कोणता आकडा काय मोजतो हे ज्याला कळत नाही, त्याला शेवटी आपल्या आवडीचा आकडा निवडावा लागतो.

१. पाच कुटुंबांचे गाव

एका काल्पनिक गावापासून सुरुवात करू. गावात पाच कुटुंबे आहेत. त्यांचे मासिक उत्पन्न अनुक्रमे ५, ७, १०, १८ आणि ६० हजार रुपये आहे, म्हणजे एकूण १०० हजार. आता सर्वांत गरीब कुटुंबापासून बेरीज करीत वर जाऊ. तळाच्या एका कुटुंबाकडे ५ टक्के, तळाच्या दोघांकडे १२, तिघांकडे २२, चौघांकडे ४० आणि पाचही कुटुंबांकडे मिळून १०० टक्के. आडव्या अक्षावर कुटुंबांचा हिस्सा व उभ्या अक्षावर उत्पन्नाचा हिस्सा घेऊन हे बिंदू जोडले की जी खाली झुकलेली रेषा मिळते, तिला लॉरेन्झ वक्र म्हणतात. मॅक्स लॉरेन्झ या अमेरिकन अभ्यासकाने १९०५ मध्ये ही युक्ती मांडली. सर्वांचे उत्पन्न सारखे असते तर रेषा कर्णासारखी सरळ गेली असती. वक्र जितका पोटाशी झुकलेला, तितकी विषमता अधिक.

हा झुकाव एका संख्येत सांगण्याचे काम इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोरॅडो जीनी यांच्या गुणांकाने होते. आपल्या गावापुरते ते असे करता येईल. प्रत्येक टप्प्याची आधीची व नंतरची बेरीज एकत्र करा : (०+५), (५+१२), (१२+२२), (२२+४०), (४०+१००). ही सर्व मिळून २५८ होते. तिला पाचाने भागल्यास ५१.६ आणि ती १०० मधून वजा केल्यास ४८.४ उरते. म्हणजे गावाचा जीनी गुणांक ०.४८ झाला. पूर्ण समता असेल तर हा गुणांक शून्य असतो. सर्व उत्पन्न एकाच्याच हाती गेले तर तो एकाकडे झुकतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. उद्या गावातील प्रत्येकाचे उत्पन्न दुप्पट झाले तरी गुणांक ०.४८ च राहील. परंतु पहिल्या व पाचव्या कुटुंबातील अंतर ५५ हजारांवरून १ लाख १० हजारांवर गेलेले असेल. गुणांक प्रमाण पाहतो, अंतर पाहत नाही. जमिनीचा भाव किंवा खाजगी महाविद्यालयाचे शुल्क ज्याला द्यायचे असते, त्याला मात्र अंतरच जाणवते.

२. उत्पन्न की खर्च?

आता याच गावात पाहणीसाठी जाऊ. उत्पन्न विचारावे तर अडचण येते. नोकरदार आपला पगार सांगेल. परंतु शेतकऱ्याचे उत्पन्न म्हणजे नेमके काय? घरी खाल्लेली ज्वारी धरायची काय? बैलाची झीज, घरच्यांची मजुरी, उधारीचे खत यांचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला असतो? 'चाललंय पोटापुरतं' हे उत्तर मराठीत मिळते तसेच कन्नडमध्येही मिळते. ते टाळाटाळीचे असतेच असे नाही. हिशेबाची वही नसलेल्या घरात तेवढेच प्रामाणिक उत्तर असू शकते. म्हणूनच १९५० मध्ये प्रा. महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने उत्पन्नाऐवजी उपभोग खर्चावर भर दिला. किती तांदूळ, किती तेल, कापडावर किती, औषधावर किती, हे माणूस त्या मानाने बरे सांगू शकतो. आशिया व आफ्रिकेतील बहुतेक विकसनशील देशांनी हाच मार्ग धरला आहे. लॅटिन अमेरिकेत मात्र प्रामुख्याने उत्पन्नच विचारले जाते.

याचा परिणाम आपल्या गावाच्या आकड्यांवर काय होतो ते पाहा. सर्वांत गरीब कुटुंब कर्ज काढून ५ ऐवजी ६ हजार खर्च करते. दुसरे ७ ऐवजी ८ हजार, तिसरे मिळवलेले १० हजार सारेच खर्च करते. चौथे १६ हजार खर्च करून थोडे शिल्लक टाकते. पाचवे ६० पैकी ३० हजार खर्च करते आणि उरलेल्या ३० हजारांची जमीन, सोने किंवा भागपत्रे घेते. आता खर्चाचे आकडे ६, ८, १०, १६, ३० असे झाले. वरच्याच पद्धतीने गणित केल्यास गुणांक ०.३२ येतो. गावात काहीही बदललेले नाही. गरीबाचे कर्ज आणि श्रीमंताची बचत तेवढी हिशेबातून गळाली, आणि विषमता ०.४८ वरून ०.३२ वर आली.

प्रत्यक्षातही असेच घडते. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार खर्चाचा जीनी गुणांक ग्रामीण भागात सुमारे ०.२८ व शहरी भागात सुमारे ०.३६ होता. त्याच सुमारास दिल्लीची राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद व मेरीलँड विद्यापीठ यांनी संयुक्तपणे केलेल्या मानव विकास पाहणीत कुटुंबांचे उत्पन्न विचारले होते. त्यावरून निघालेला गुणांक ०.५० च्या वर जातो. म्हणून भारताचा खर्चाचा गुणांक घेऊन त्याची तुलना ब्राझीलच्या उत्पन्नाच्या गुणांकाशी करणे, म्हणजे एकाचे वजन व दुसऱ्याची उंची मोजून दोघांत मोठा कोण ते ठरविण्यासारखे आहे. 'चौथा क्रमांक' वाचताना हे ध्यानात असावे.

३. दार न उघडणारे घर

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. पाचव्या घराला उंच कुंपण आहे, दाराशी पहारेकरी आहे. पाहणी करणाऱ्याला 'साहेब घरी नाहीत' असे उत्तर मिळते. आता आपल्याकडे चारच घरांचे आकडे उरले : ६, ८, १०, १६. गुणांक निघतो ०.२०. सर्वांत श्रीमंत घराने दार न उघडल्यामुळे गाव एकदम समतेच्या वाटेवर आले!

ही कल्पना नव्हे. राष्ट्रीय हिशेबातील एकूण खाजगी उपभोग आणि नमुना पाहणीतून निघणारा उपभोग यांतील दरी गेल्या काही दशकांत वाढत गेली. पाहणीत सापडणारा खर्च राष्ट्रीय हिशेबाच्या निम्म्याच्या आसपास आला. ही सारी तूट श्रीमंतांचीच आहे असे म्हणता येणार नाही, परंतु बराचसा भाग तेथे असणार असे मानायला जागा आहे. त्यामुळे काही अभ्यासकांनी प्राप्तिकराच्या नोंदींकडे मोर्चा वळविला. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यापासूनची आकडेवारी वापरून लुकास शाँसेल व तोमा पिकेटी यांनी दाखविले की, वरच्या एक टक्क्याचा वाटा १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुमारे २१ टक्के होता. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तो ६ टक्क्यांपर्यंत उतरला आणि नंतर पुन्हा पूर्वीच्या पातळीवर चढला.

तथापि ही फूटपट्टीही निर्दोष नाही. प्राप्तिकर भरणारे लोक लोकसंख्येच्या मानाने थोडे आहेत. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे उसाचा मोठा बागायतदार या नोंदीत दिसेलच असे नाही. करचुकवेगिरी आहे ती वेगळीच. शिवाय २००० नंतर बरीच वर्षे हे तक्ते प्रसिद्धच होत नव्हते. थोडक्यात, घरोघरची पाहणी तळ व मधला भाग बऱ्यापैकी दाखविते आणि शिखर तिला दिसत नाही; करनोंदींना शिखर दिसते, तळ दिसत नाही. दोन्ही जोडायचे तर मध्ये गृहीतके घालावी लागतात, आणि विद्वानांचे खरे भांडण त्या गृहीतकांवर असते.

कालौघातील तुलनेलाही हीच सावधगिरी हवी. २०१७-१८ च्या उपभोग पाहणीचे निष्कर्ष आकडेवारीच्या दर्जाचे कारण देऊन प्रसिद्ध करण्यात आले नाहीत. २०२२-२३ च्या पाहणीत प्रश्नावली व भेटींची पद्धत बदलली. मोजपट्टी बदलल्यावर उंची वाढली की पट्टी लहान झाली, हे आधी तपासावे लागते.

या संदर्भात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांच्या १९७१ च्या दारिद्र्यविषयक अभ्यासाचे स्मरण होते. नमुना पाहणीचेच आकडे घेऊन त्यांनी १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक किमान पातळीखाली होते असे दाखविले. पुढील दशकातील वाढीचा लाभ प्रामुख्याने वरच्यांनाच झाला, असेही त्यांचे म्हणणे होते. त्यांची दारिद्र्यरेषा वादग्रस्त ठरली. परंतु आकडा कोठून घेतला, त्यात काय मिळविले आणि काय वगळले, हे त्यांनी वाचकापुढे उघड ठेवले. म्हणूनच तो वाद शास्त्रीय राहू शकला.

४. शिडी आणि शिडीवरची माणसे

आतापर्यंत आपण शिडीच्या पायऱ्यांतील अंतर मोजले. पण त्या पायऱ्यांवर माणसे तीच राहतात की बदलतात? सामाजिक गतिशीलतेचा प्रश्न येथे सुरू होतो.

आपल्या गावासारखी दोन गावे घेऊ. दोन्हींत दरवर्षी जीनी गुणांक ०.४८ च आहे. पहिल्या गावात ५ हजारांचे घर कायम ५ हजारांचेच राहते. दुसऱ्या गावात कुटुंबे दरवर्षी आळीपाळीने जागा बदलतात, म्हणजे पाच वर्षांत प्रत्येक घर प्रत्येक पायरीवर एकेकदा उभे राहते. पाच वर्षांची बेरीज केली तर दुसऱ्या गावात पूर्ण समता आहे, पहिल्यात तसूभरही फरक नाही. एका वर्षाचा गुणांक या दोन गावांना एकच गुण देतो.

मात्र येथे घाई करू नये. खाली-वर होणे म्हणजे नेहमी प्रगती नव्हे. खानापूरकडचा पावसाळी भाग सोडून पूर्वेला अथणीकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात गेलो, तर कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न एका वर्षी वर जाते व पुढच्या वर्षी कोसळते. कागदावर ती गतिशीलता दिसेल; त्या घराच्या दृष्टीने ती असुरक्षितता आहे. म्हणून वर्षा-वर्षांच्या चढउतारापेक्षा पिढी-पिढीतील बदलाला अभ्यासक अधिक महत्त्व देतात.

पिढ्यांतील बदल मोजण्याची रूढ पद्धत अशी : वडिलांचे उत्पन्न सरासरीपेक्षा १० टक्के अधिक असेल तर मुलाचे सरासरीपेक्षा किती अधिक असते? उत्तर ४ टक्के असेल तर आंतरपिढी लवचिकता ०.४ झाली. ही संख्या जितकी मोठी, तितका जन्माचा पगडा मोठा. डेन्मार्कमध्ये ती सुमारे ०.१५ आढळते, ब्राझीलमध्ये ०.६ च्या जवळपास. परंतु डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची नोंद जन्मापासून एका क्रमांकाखाली राहते; बाप आणि लेक यांची उत्पन्ने जोडून पाहणे तेथे सोपे आहे. विकसनशील देशांत चाळीस वर्षांपूर्वीचे बापाचे उत्पन्न कोण सांगणार? म्हणून उत्पन्नाऐवजी शिक्षण किंवा व्यवसाय विचारतात, कारण ते निदान आठवते.

व्यवसायाच्या मार्गाने जाणारा एक जुना प्रयत्न पुण्यातच झाला. गोखले संस्थेने केलेल्या पुणे शहराच्या पाहणीतून नी. वि. सोवनी व कुसुम प्रधान यांनी आजोबा, वडील व मुलगा अशा तीन पिढ्यांच्या व्यवसायांचा अभ्यास १९५० नंतरच्या दशकात केला होता. ही पद्धत स्वस्त व सुटसुटीत आहे, पण तिला एक मर्यादा आहे. शेतीतील माणसे कमी होऊन कारखाने व कचेऱ्या वाढल्या की बहुतेक मुलांचे व्यवसाय बापापेक्षा वेगळे होणारच. पूर्ण शिडी वर उचलली गेली, की शिडीवरील क्रम बदलला, हे त्यावरून वेगळे करावे लागते.

रकाना किती ढोबळ असतो याचा अनुभव मला वर्गात येतो. 'वडिलांचा व्यवसाय' यापुढे निम्मे विद्यार्थी 'शेती' लिहितात. त्यांपैकी एकाकडे वीस एकर ऊस असतो, दुसऱ्याकडे तीस गुंठे कोरडवाहू, तिसऱ्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात रोजाने जातात. 'आईचा व्यवसाय' यापुढे बहुतेक सर्वजण 'घरकाम' लिहितात. त्यांतील कित्येकींचा दिवस भांगलणीत जातो.

५. पालनपूरचा धडा

सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ मध्ये असे अनुमान मांडले की, विकासाच्या प्रारंभी विषमता वाढते व पुढे ती उतरते. त्यांचा दीर्घकालीन पुरावा अमेरिका, इंग्लंड व जर्मनी यांचा होता. विकसनशील देशांपैकी भारत, सिलोन आणि पोर्टो रिको यांचे एकेका काळाचे आकडे तेवढे त्यांच्यापुढे होते. आपल्या निबंधात पुराव्यापेक्षा तर्काचाच भाग फार मोठा आहे, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली होती. पाठ्यपुस्तकांनी तो उलटा 'यू' घेतला आणि कबुली सोडून दिली.

एकाच जागी दीर्घकाळ थांबून पाहिले तर काय दिसते, याचे उत्तम उदाहरण उत्तर प्रदेशातील मोरादाबाद जिल्ह्यातील पालनपूर हे गाव आहे. १९५७-५८ पासून २००८-०९ पर्यंत दर दशकात एकदा तरी या गावाची पाहणी झाली. उत्पन्नाचा जीनी गुणांक १९५७-५८ मध्ये सुमारे ०.३४ होता. १९७४-७५ मध्ये तो ०.२७ पर्यंत उतरला, १९८३-८४ मध्ये ०.३१ झाला व २००८-०९ मध्ये ०.३८ वर गेला. विहिरी व पंपांमुळे सिंचन पसरले तेव्हा लाभ बऱ्याच घरांपर्यंत पोहोचला. पुढे वीटभट्ट्या, रेल्वे, बांधकाम, शहरातील छोटी कामे असा शेतीबाहेरचा रोजगार वाढला आणि विषमताही वाढली. शिवाय १९७४-७५ हे चांगल्या पिकाचे आणि १९८३-८४ हे वाईट पिकाचे वर्ष होते. म्हणजे एकेका वर्षाच्या आकड्यात पाऊसही मिसळलेला असतो.

परंतु महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे. शेतीबाहेरच्या कामामुळे भूमिहीन दलित कुटुंबांपैकी काहींना प्रथमच वर सरकण्याची वाट मिळाली. त्याच काळात बाप व मुलगा यांच्या उत्पन्नातील संबंध मात्र अधिक घट्ट झाला. म्हणजे काही दारे उघडली, आणि एकंदरीत जन्माचे वजनही वाढले. चांगल्या नोकरीसाठी ओळख, अनामत किंवा शिक्षणाचा खर्च लागतो, आणि तो बापाकडूनच येतो. एकच आकडा घेतला असता तर यांतील एकच बाजू दिसली असती.

६. रकान्यातून निसटलेल्या

देशपातळीवर सॅम अ‍ॅशर, पॉल नोवोसाद व चार्ली रॅफ्किन यांनी शिक्षणाच्या आधारे गतिशीलता मोजली आहे. त्यांना एक विलक्षण अडचण आली. वडिलांच्या जुन्या पिढीत निम्म्याहून अधिक माणसे 'शाळा नाही' या एकाच रकान्यात बसतात. मग तळातील दहावा आणि चाळिसावा यांत फरक कसा करायचा? त्यासाठी त्यांनी नवे गणित बसविले. त्यांच्या निष्कर्षानुसार, शिक्षणाचा एवढा प्रसार होऊनही खालच्या अर्ध्या घरांतील मुलांची वर सरकण्याची सरासरी शक्यता अनेक दशकांत फारशी बदललेली नाही. अनुसूचित जातींतील मुलांची स्थिती सुधारली. मुस्लिम मुलांची घसरली. खालच्या अर्ध्या मुस्लिम घरातील मुलगा सरासरीने शंभरात एकोणतिसाव्या स्थानापर्यंत पोहोचतो. सरासरी स्थिर दिसत होती, कारण आत एक रेषा चढत होती आणि दुसरी उतरत होती.

आणि मुली? बहुतेक पाहण्यांत बाप-लेकाची जोडी सापडते ती दोघे एका घरात राहतात म्हणून. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. तेथील पाहणीत ती सून म्हणून नोंदली जाते आणि तिच्या वडिलांचे शिक्षण अनेकदा कोणी विचारीतच नाही. त्यामुळे गतिशीलतेचे बहुतेक अभ्यास 'बाप ते मुलगा' असेच आहेत. ज्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली पहिली व्यक्ती मुलगी आहे, त्या घराण्याची सर्वांत मोठी झेप या आकड्यांत येत नाही. आमच्या महाविद्यालयात अशा मुली प्रत्येक वर्गात आहेत.

७. हे कशासाठी?

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७३ मध्ये एक दृष्टांत दिला. बोगद्यात दोन रांगांत वाहने अडकली आहेत. शेजारची रांग हलू लागली की आपणही आनंदतो. आता आपलीही पाळी येईल असे वाटते. पण शेजारची रांग जातच राहिली व आपली जागची हलली नाही, तर त्या आनंदाचा संताप होतो. विकसनशील देशांतील विषमता लोक काही काळ सहन करतात ती गतिशीलतेच्या आशेवर. ती आशा खरी ठरते आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग मोजमापाखेरीज दुसरा नाही. म्हणूनच विषमता आणि गतिशीलता हे दोन विषय एकत्र शिकवावेत, असे माझे मत आहे.

यापुढे विषमतेचा कोणताही आकडा समोर आला तर विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत. हा आकडा उत्पन्नाचा, खर्चाचा की संपत्तीचा? कोणाच्या घराचे दार उघडले नाही? मागील आकड्याच्या वेळी हीच पट्टी वापरली होती काय? आणि शिडीवरची माणसे बदलली, की तीच राहिली?

ज्यांना हौस आहे त्यांनी सुट्टीत आपल्या गल्लीतील तीस घरांचा तक्ता करून पाहावा. आजी-आजोबा, आई-वडील आणि आपण अशा तीन पिढ्या घ्याव्यात. शिक्षण, काम, जमीन व पक्के घर एवढेच विचारावे, कोणाचे नाव लिहू नये. मुलींचे व सुनांचे माहेर विसरू नये. प्रश्नावली मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत करावी आणि दोन्ही विभागांतील विद्यार्थ्यांनी मिळून फिरावे, म्हणजे अर्धी गल्ली सुटणार नाही. तीस घरांवरून देशाचा निष्कर्ष निघणार नाही. पण 'शेती' आणि 'घरकाम' या दोन शब्दांत किती निरनिराळी आयुष्ये कोंबलेली असतात, हे पुस्तकापेक्षा त्या तक्त्यावरून अधिक लवकर कळेल.